आमचे खासदार कॅनबेरात काय बोलतात, ते मी शोधून वाचलं

नागरिकत्व मिळाल्यावर मे २०२५ची निवडणूक ही माझी इथली पहिलीच. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं, आणि प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीक्रम लिहायचा. मेलबर्नमधल्या आमच्या खासदारांची पत्रकं टपालपेटीत येत होती, पण मला एकच जाणून घ्यायचं होतं: आई-वडिलांच्या व्हिसाबद्दल हे संसदेत कधी बोललेत का? साताऱ्यात आई-बाबा दोघंच असतात. साध्या पेरेंट व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे आणि बाबा आत्ताच बहात्तरचे आहेत.

संसदेच्या कामकाजाचा जवळजवळ शब्दशः वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड. १९०१पासूनचा सगळा संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. खासदारांचं नाव टाकलं आणि नोंदींचा ढीगच समोर आला. दीड-दीड मिनिटांची निवेदनं, त्यात स्थानिक क्लबांची अभिनंदनं. प्रश्नोत्तरांच्या तासात आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला विचारलेले सोपे प्रश्न. त्यांना इथे 'डोरोथी डिक्सर' म्हणतात, मंत्र्याला आपलं काम सांगता यावं म्हणून विचारलेले. ते मी सरळ वगळले. नुसती नोंदींची संख्या पाहून खासदार जोखू नये, हे माझं तेव्हाच ठरलं.

सभागृहातली मतंही पाहिली. तिथे बरेच प्रस्ताव आवाजी मतदानाने निकाली निघतात. कोण कुठल्या बाजूला हे छापलं जातं ते 'डिव्हिजन', म्हणजे खासदारांना दोन बाजूंना बसवून मोजणी, झालं तरच. आणि तिथे सगळे बहुधा पक्षासोबतच. माणूस कळायचा तर भाषणांतूनच.

दोन आठवडे मी मुख्य सभागृहाचंच वाचत होते. मग लक्षात आलं, प्रतिनिधिगृहाचं दुसरं दालन, फेडरेशन चेंबर, समांतर चालतं. तिथे डिव्हिजन होत नाही आणि मंत्रिपद नसलेल्या, मागच्या बाकांवरच्या खासदारांना बोलायला जास्त वाव मिळतो. त्याचा वृत्तांत त्याच दिवसाच्या हॅन्सार्डमध्ये, मुख्य सभागृहानंतर येतो. मी तिथवर कधी पोचलेच नव्हते.

तिथेच सापडलं. पाच मिनिटांचं भाषण, मतदारसंघातल्या एका कुटुंबाबद्दल: आजी-आजोबा परदेशात, नातवंडं इथे. वाचताना डोळे भरून आले. पण त्यानंतर पुढे त्या विषयावर एक शब्द नाही.

मी भाषणाची तारीख घालून त्यांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं: तेव्हा तुम्ही हे बोललात, पुढे काय झालं? भेटीची वेळ मिळाली आहे. त्या भाषणाची दोन पानं छापून पर्समध्ये ठेवली आहेत, मागच्या बाजूला बाबांची जन्मतारीख लिहून.