१२० फ्लोरिनांचा स्वर्ग

२४ एप्रिल १४५३ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंमध्ये जाँ मोरेली नावाच्या नोटरीने एक करारनामा नोंदवला. चित्र काढून घेणारे जाँ द मोंतान्याक हे धर्मगुरू, आव्हिन्योंच्या सेंत-आग्रिकोल चर्चचे कॅनन, म्हणजे चर्चच्या पुरोहित-मंडळाचे सदस्य. काढणारा आंगेराँ कार्तों, उत्तर फ्रान्समधल्या लाँ भागातून प्रोव्हान्समध्ये येऊन स्थिरावलेला चित्रकार. विषय येशूची आई मेरी हिचा स्वर्गातला राज्याभिषेक, ठिकाण ऱ्होन नदीपलीकडच्या व्हिलनव्हमधला कार्थुसियन या एकांतवासी साधूंच्या पंथाचा मठ. मोबदला १२० फ्लोरिन; फ्लोरिन आणि सू ही तेव्हाची नाणी, एक फ्लोरिन २४ सूंचा. मुदत पुढच्या वर्षीच्या सेंट मायकेलच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबर १४५४. सुमारे सतरा महिने.

चित्र आजही व्हिलनव्हमध्येच, पिएर द लक्झांबूर संग्रहालयात आहे. उंची १८३ सेंटीमीटर, रुंदी २२०. आणि करारनामाही टिकून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आंरी रेकँ या पाद्री-संशोधकाने तो उजेडात आणला आणि चित्राचा कर्ता पक्का झाला. नोटरीचा मजकूर लॅटिनमध्ये, पण मोंतान्याक यांच्या मागण्या फ्रेंचमध्ये, कलमवार. त्या मागण्या चित्राशेजारी ठेवून वाचल्या की आश्रयदात्याचा अधिकार कुठे संपतो आणि चित्रकाराचा कुठे सुरू होतो हे कलमागणिक कळत जातं. पंधराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांपैकी फार थोड्यांबाबत हे शक्य आहे.

पहिली मोठी अट देवाच्या रूपाची. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव एकच, पण पिता, पुत्र (येशू ख्रिस्त) आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत. पिता आणि पुत्र यांच्यात काहीही फरक दिसता कामा नये, पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात असावा. तोवरची सर्वसाधारण रीत म्हणजे पिता पांढऱ्या दाढीचा वृद्ध आणि पुत्र तरुण. इथे मात्र दोघांचे चेहरे, केस, दाढी, लाल झगे अगदी सारखे, फक्त एक डावीकडून वळलेला, दुसरा उजवीकडून. मागणीमागे ताजा धर्मवाद होता. पवित्र आत्मा फक्त पित्यापासून निघतो, असं पूर्वेकडचं चर्च मानत होतं. पिता आणि पुत्र दोघांपासून निघतो, ही रोमची भूमिका, आणि १४३९ च्या फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेत तिच्यावर शिक्कामोर्तब झालं होतं. कार्तोंने कबुतर मेरीच्या डोक्यावर पंख पसरून ठेवलं, एका पंखाचं टोक पित्याच्या ओठांशी, दुसऱ्याचं पुत्राच्या. दोन सारखे चेहरे हे मोंतान्याक यांचं कलम. पंखांच्या टोकांनी ते जोडणं मला अख्ख्या चित्रातली सर्वांत हुशार जागा वाटते. वाद चालला होता तो कॉन्स्टँटिनोपलशी, आणि करारानंतर जेमतेम महिनाभराने, २९ मे रोजी, ते शहर पडलं.

आता सामान. सगळं काम उत्तम तैलरंगात व्हावं, निळा रंग 'अक्रचा' असावा, चौकटीवर मात्र 'जर्मन' निळा चालेल, पण तोही चांगल्या प्रतीचा, आणि सोनं खरं व घोटलेलं असावं, असं करार सांगतो. अक्र हे पूर्व भूमध्य समुद्रावरचं बंदर, आणि अक्रचा निळा म्हणजे लाजवर्द. दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला, पूर्व भूमध्य समुद्राच्या बंदरांमार्गे युरोपात येणारा. जर्मन निळा म्हणजे ॲझुराइट, तांब्याचं खनिज, कितीतरी स्वस्त. दोन्हींतला लाजवर्द कोणता हे लांबून ओळखणं अवघड, म्हणून फसवणुकीला वाव, आणि म्हणूनच गिऱ्हाईक ते करारात लिहून घेई.

लाजवर्द नुसता कुटून भागत नाही. तसा कुटला तर दगडातले पांढरे आणि राखाडी कणही भुकटीत येतात आणि रंग मळकट होतो. त्यासाठी भुकटी मेण, राळ आणि तेलाच्या गोळ्यात मळून काही दिवस मुरवत, मग तो गोळा राखेच्या क्षारपाण्यात दाबत राहत. निळे कण पाण्यात उतरतात, घाण गोळ्यात अडकते. पहिल्या पाण्यातला रंग सर्वांत गडद आणि सर्वांत महाग. शेवटच्या पाण्यात उरते ती निळसर राख. ॲझुराइटचं उलटं. तो जितका बारीक वाटावा तितका फिका पडतो, म्हणून भरडच ठेवावा लागतो, आणि तेलात काळवंडतो किंवा हिरवट होतो. चौकटीवर तो लावायला परवानगी देणारा माणूस पैसे कुठे वाचवायचे हे नीट जाणत होता. चित्राच्या मधोमध मेरीचा झगा पसरला आहे. तिथे कसर चालली नसती.

सोन्याचं कामही वेळेचं. फळीवर सरस आणि खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचे बरेच थर, त्यावर तांबड्या चिकणमातीचा लेप, तो ओलसर करून सोन्याचा वर्ख, मग गुळगुळीत दगडाने किंवा जनावराच्या दाताने घोटाई. लेप फार ओला असताना घोटलं तर वर्ख फाटून तांबडी माती दिसते, फार वाळल्यावर घोटलं तर चकाकी येत नाही. तासाभराच्या त्या टप्प्यात हात चालवावा लागतो, आणि हवा दमट की कोरडी यावर तो टप्पा रोज बदलतो. रंगकाम सोन्यानंतर. उलट केलं तर वर्ख रंगाला चिकटतो.

खालच्या पट्ट्यात मोंतान्याक यांनी बरंच काही मागितलं. रोम, त्यात पोप ग्रेगरीचा मास (चर्चमधला मुख्य उपासनाविधी), समुद्रावर गलबतं, पलीकडे जेरुसलेम, जळत्या झुडपासमोरचा बायबलमधला संदेष्टा मोझेस. त्याखाली शुद्धिलोक, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मे शुद्ध होतात ती जागा, आणि नरक. ही सगळी ठिकाणं प्रत्यक्षात दाखवली आहेत, पण इतक्या लहान आकारात की आधी स्वर्गच डोळ्यांत भरतो. वरचा सोनेरी-लाल-निळा देखावा चित्राचा बहुतेक भाग व्यापतो, पृथ्वी खाली अरुंद पट्टीसारखी. यादीला उतरंड देण्याचं हे काम मला पूर्णपणे कार्तोंचं वाटतं. त्याची इमारतींची ओळख दक्षिण फ्रान्सची होती, आणि ती त्याच्या रोममध्येही दिसते.

क्रूसाची जागा पाहावी. करारात तो जेरुसलेमच्या बाजूला, ऑलिव्ह टेकडीवर, पायथ्याशी प्रार्थना करणारा कार्थुसियन साधू. कार्तोंने तो दोन शहरांच्या मध्ये, थेट मेरीच्या खाली आणला. त्यामुळे कबुतर, मेरी आणि क्रूसावरचा ख्रिस्त एका उभ्या रेषेत आले, आणि साधूसुद्धा त्याच रेषेच्या पायाशी बसला. मठात चित्रासमोर गुडघे टेकणाऱ्या साधूला आपला प्रतिनिधी तिथेच सापडत असणार.

मेरीचं रूप आणि संतांची मांडणी यांसारख्या बाबतींत करार 'मेत्र (उस्ताद) आंगेराँ यांना योग्य वाटेल तसं' असं म्हणून मोकळा होतो. इतक्या बारीक अटी घालणाऱ्या गिऱ्हाइकाने ही मोकळीक मुद्दाम लिहून द्यावी, यातून त्याने चित्रकार कसा पारखला होता ते कळतं. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली आव्हिन्योंची 'पिएता', म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मेरीचं चित्र, याच हातची मानली जाते. तिच्यात गुडघे टेकलेला पांढऱ्या वस्त्रातला दाता, म्हणजे चित्र करवून घेणारा, मोंतान्याकच असावेत, असं काही अभ्यासक सुचवतात.

व्हिलनव्हला गेलात तर आधी लांबून चित्र पाहा, मग तळाच्या पट्टीशी जवळ या आणि शुद्धिलोकातून आत्म्याला वर काढणारा देवदूत शोधा. तो बोटभर आहे, आणि त्याच्या ओढण्यात खरंच जोर आहे.