दीडशहाणी लेन्स

माझे मामा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात नोकरीला होते आणि १९६० साली योकोहामा बंदरातून त्यांनी कॅनन पी हा कॅमेरा आणला. त्याच्या शटरचे पडदे कापडाचे नसून पोलादी पत्र्याचे असल्यामुळे, अंगावर चार सुरकुत्या घेऊन का होईना, ते अजून बिनतक्रार धावतात आणि व्ह्यूफाइंडरमधून आजही लख्ख दिसते. लेन्स मात्र गेली. मामांनी ती चामड्याच्या केसमध्ये, केस मलमलीच्या फडक्यात आणि फडके लोखंडी ट्रंकेत, अशी जिवापाड जपली होती. मुंबईच्या दमट हवेत बुरशीला याहून सोयीचे घर बांधून देणे कठीण होते. साफ करवून घेतल्यावर बुरशीचे धागे निघाले, पण त्यांनी काचेत कोरलेल्या रेघा तशाच राहिल्या.

या कॅमेऱ्याला ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची लेन्स बसते. हे आटे मूळचे जर्मनीतल्या लायकाचे. पुढे जपान्यांनी आणि रशियनांनी ते उचलले, त्यामुळे तीन देशांच्या कारखान्यांत घडलेली काच या एकाच भोकात फिरवून बसवता येते. ऐकायला ही चैन वाटते. पण पन्नास मिलिमीटरची, जुनी आणि भरपूर उघडणारी लेन्स घ्यायची असे ठरवले की हीच चैन माणसाची झोप उडवते.

भरपूर उघडणारी कशाला हवी, हा प्रश्न घरातून रीतसर विचारला गेला आणि त्याला माझ्याजवळ उत्तर होते. चारशे आयएसओची, म्हणजे प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील, फिल्म घालून भर दुपारी बाहेर पडले, तर या कॅमेऱ्याचा सर्वांत जलद शटर, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, लावूनही अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे भोक, दहा-अकरापर्यंत मिटून घ्यावे लागते (या मापात आकडा जितका लहान तितके भोक मोठे). तिथे लेन्स १.४ ची आहे की ३.५ ची, याला काडीचा अर्थ नाही. खरी गरज पडते ती दिवेलागणीनंतर. स्वयंपाकघरात एकच दिवा आहे, आई ताटात तांदूळ निवडते आहे आणि कॅमेरा हातातच धरायचा आहे, अशा वेळी त्याच फिल्मवर सेकंदाचा साठावा भाग हाताशी ठेवायचा तर लेन्स १.४ च्या आसपास उघडावी लागते. मला फोटो त्याच वेळचे काढायचे होते.

या आकड्यांचीही एक गंमत आहे. २ वरून १.४ वर आले की प्रकाश दुप्पट होतो, हे खरेच मोठे अंतर. मात्र १.५ आणि १.४ यांत फरक आहे तो जेमतेम पंधरा टक्क्यांचा, जो फिल्म धुताना अर्धा मिनिट इकडेतिकडे झाले तरी हरवून जावा. तरीही या एका दशांशापायी मी कित्येक रात्री जागलो आहे, आणि त्याचे कारण प्रकाश हे नाही. त्या काळच्या दीडच्या आणि १.४ च्या लेन्समध्ये पुष्कळदा दोन घराण्यांचा फरक असतो.

दीडचे घराणे सोनारचे. नाव मराठी कानाला फसवते, पण तो जर्मनीतल्या झाइस कंपनीचा शब्द आहे. लुडविग बेर्टेले यांनी १९३२ च्या सुमारास झाइसच्याच कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी ही लेन्स आखली, तेव्हा काचेवर परावर्तन रोखणारा लेप देण्याची कला अवगत झालेली नव्हती. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश वाया जात असे आणि तोच आत इकडेतिकडे आदळून चित्र फिकट करत असे. बेर्टेले यांनी सात काचा तीन गटांत एकमेकींना चिकटवून टाकल्या. हवेला भेटणारे पृष्ठभाग सहाच उरले आणि लेपाशिवायही चित्राला काळेभोर काळे मिळू लागले. झाइसमधल्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी लेपाची युक्ती काढली ती त्यानंतर, १९३५ मध्ये. अडचण आली म्हणून तिच्या अंगाने वाट काढणाऱ्या माणसांविषयी मला आदर वाटतो, आणि माझे मन सोनारकडे ओढले गेले ते या एका गोष्टीमुळे.

युद्धानंतर झाइसची यंत्रे आणि आराखडे सोव्हिएत युनियनने भरपाई म्हणून नेले आणि तिथे हीच लेन्स ज्युपिटर-३ या नावाने तयार होऊ लागली. ती स्वस्त मिळते, म्हणून मी पहिल्यांदा तीच मागवली. एका विक्रेत्याने पाठवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या हलक्या नळीवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे ५६ होते, म्हणजे ती बहुधा १९५६ ची असावी. तिच्या अ‍ॅपर्चरच्या कड्याला टकटक खाचा नाहीत. ते लोण्यात सुरी फिरावी तसे फिरते आणि फोकस करायला गेले की तेही सोबत वळते. पहिल्या रोलवर मी आईचे सहा फोटो काढले. सहाही फोटोंत माझा नेम तिच्या डोळ्यावर होता आणि सहाही फोटोंत स्पष्ट आली होती ती तिच्या कानातली कुडी.

यात माझा हात कापला असे मला आधी वाटले. मग दारावर तिरके वर्तमानपत्र लावून, एका ओळीवर नेम धरून पुन्हा रोल खर्ची घातला, तेव्हा उलगडा झाला. माझ्या कॅननसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही. लेन्सच्या मागची नळी कॅमेऱ्यातली एक दांडी ढकलते, त्या दांडीवर व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा सरकतात आणि त्या एकमेकींवर बसल्या की आपण फोकस झाला असे मानतो. लेन्स आणि दांडी यांचे माप जुळले तर हे मानणे खरे ठरते. लायकाच्या पद्धतीत ‘पन्नास’ची लेन्स प्रत्यक्षात ५१.६ मिलिमीटरची धरलेली आहे, तर कॉन्टॅक्सचे ‘पन्नास’ ५२.४ चे, आणि ज्युपिटर आटे लायकाचे घेऊन आली तरी गणित बरेचसे माहेरचेच घेऊन आली. दूरच्या डोंगरावर दोन्ही मापे जुळतात, पण मीटरभर अंतरावर हिशेब मांडला तर सुमारे तीन सेंटीमीटरचा फरक पडतो. दीडवर उघडलेल्या लेन्सची स्पष्टतेची पट्टीच तिथे उणीपुरी साडेतीन सेंटीमीटरची असते, म्हणजे नेमाच्या मागे-पुढे दोन सेंटीमीटरसुद्धा नाहीत. त्यात सोनार घराण्याची आणखी एक खोड आहे: अ‍ॅपर्चर थोडे मिटले की फोकसची जागा मागे सरकते. जाणकार लोक आत पातळ चकत्या घालून हे माप आपल्या सवयीच्या अंतरापुरते जुळवून घेतात. मीही एकाकडून तसे करून घेतले. आता डोळा स्पष्ट येऊ लागला, पण दूरची इमारत बिघडली. आपल्याला पटेल तेवढेच खरे मानणारी ही लेन्स माझ्या घरात तेव्हापासून ‘दीडशहाणी’ म्हणून ओळखली जाते.

सोनारच्याच घराण्यातली, पण लायकाच्या मापाशी इमान राखणारी लेन्स म्हणजे जपानच्या निकॉन कंपनीची निक्कोर १.४. तिचा पत्रिकेतला योगही दांडगा आहे. १९५० साली ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन जपानमध्ये होते; जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने ८५ मिलिमीटरच्या निक्कोरने काढलेला फोटो पाहून ते चकित झाले, थेट कारखान्यात गेले आणि पुढे कोरियाच्या युद्धावर जाताना आपल्या लायकांवर निक्कोर लेन्स चढवून गेले. जपानी काचेची कीर्ती जगभर झाली ती त्या फोटोंनंतर. हातात घेतली तर ही लेन्स पितळी आणि तिच्या आकाराच्या मानाने जड लागते. दांडीचा संबंध सोडून ती दीड फुटापर्यंत जवळही येते, मात्र त्या टप्प्यात फूटपट्टी हाच रेंजफाइंडर. मी पाहिलेल्या दोन्ही निक्कोरच्या पुढच्या काचेवर सायकलच्या चाकाला शोभतील असे ओरखडे होते, म्हणून हात आखडता घेतला.

लायकाच्या स्वतःच्या सुमारिटचा विचार मी एका संध्याकाळीच सोडला. तिचा लेप इतका मऊ की कुणा सद्‌गृहस्थाने धोतराच्या सोग्याने दोनदा पुसली असेल तरी ती संपली. कॅननच्या १.२ ने मात्र आठवडाभर भूल घातली होती. १९५६ च्या या लेन्सची पुढची काच एवढी मोठी आहे की चहाच्या बशीतून कुणी आपल्याकडे पाहत आहे असे वाटते; पण ती लावून व्ह्यूफाइंडरमधून पाहिले की उजवीकडचा खालचा कोपरा लेन्सनेच खाल्लेला असतो, आणि मला ज्या कोपऱ्यात तांदळाचे ताट हवे होते तो नेमका तोच.

अखेर गाठ पडली ती फोर्टात बोरा बाजारात, कॅननच्याच १.४ शी. सहा काचा, चार गट, सोनारचा काही संबंध नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅननने केलेली ही सरळमार्गी लेन्स आहे. दुकानदाराने ती कागदावर ठेवली आणि न मागता टॉर्च पुढे केला, तेव्हाच माझा अर्धा निर्णय झाला. जुनी लेन्स उजेडाकडे धरून पाहायची नसते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून तिरका प्रकाश टाकून पाहायची असते. तसे पाहिले तेव्हा मधल्या काचेवर धुक्याचा पातळ पापुद्रा दिसला, जणू कुणी आताच हाः करून फुंकर घातली आहे. हे अ‍ॅपर्चरच्या पात्यांवरच्या तेलाचे बाष्प असते. ते वेळेत पुसले तर निघते आणि फार वर्षे राहिले तर काचेलाच खाते.

“आतलं धुकं निघेल, साहेब,” दुकानदार म्हणाला, “पण निघालं नाही तर परत घेईन असं म्हणत नाही मी.”

मला हा करार आवडला. धुके निघाले, काच शाबूत होती, आणि पहिल्याच रोलवर आईचा डोळा, चष्म्याची काडी आणि काडीवर चिकटलेला कोंड्याचा एक कण, असे तिन्ही एका पट्टीत आले. मागची भांड्यांची मांडणी मात्र ज्युपिटरमध्ये जशी वितळून गोल फिरते तशी फिरली नाही. ती नुसतीच पुसट झाली. या बाबतीत मी थोडे गमावले आहे याची मला जाणीव आहे, आणि म्हणून दीडशहाणी मी विकलेली नाही.

मामा आता नव्वदीला टेकले आहेत. गेल्या रविवारी कॅमेरा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी सवयीने दोन्ही डोळे उघडे ठेवून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, कारण या कॅमेऱ्यात जग आहे त्याच आकाराचे दिसते. लेन्स बदलली आहे हे त्यांनी कड्यावर बोट फिरवूनच ओळखले.

“केस कुठं आहे रे तिची?” त्यांनी विचारले.

केस कपाटात वरच्या फळीवर आहे, असे मी म्हणालो. लेन्स पापडांच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते, हे मी त्यांना सांगितले नाही.