"तपासले, समस्या आढळली नाही": वॉरंटीतल्या गिटार ॲम्पचा माझा अनुभव

वॉरंटीतली वस्तू बिघडली की फुकट दुरुस्त होते, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण ती बिघडली आहे हे आधी समोरच्याला पटवावं लागतं, आणि बिघाड लहरी असला तर त्या पटवण्यातच वॉरंटी सरत जाते. माझ्या ट्यूब ॲम्पच्या, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरच्या, सर्व्हिस सेंटरमधल्या जॉबकार्डवर "तपासले, समस्या आढळली नाही" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता ते नुसतं आठवलं तरी डोकं फिरतं.

ॲम्प कॉम्बो आहे. एकाच पेटीत खाली स्पीकर, वर चासी (सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा), आणि चासीतून खाली उलट्या लटकणाऱ्या ट्यूब. त्यातल्या पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या मोठ्या ट्यूब, दोन; मॉडेल ईएल३४. सुरू केल्यावर ॲम्प झकास वाजायचा. अर्धा-पाऊण तास झाला की आवाज हळूहळू बसायला लागायचा, टोन पातळ आणि फाटका व्हायचा, मागून घूंऽऽ वाढायची. थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखा पुन्हा ठणठणीत.

पहिल्या खेपेला प्रीॲम्पची (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाची) एक ट्यूब बदलून मिळाली. दुसऱ्या खेपेला सांगितलं, "मॅडम, पॉवर ट्यूब वीक झाल्यात." आता इथली मेख बघा. बऱ्याच कंपन्या ॲम्पला भरपूर काळाची वॉरंटी देतात, पण ट्यूबला फक्त ९० दिवसांची. म्हणजे दोष सर्किटचा निघाला तर खर्च त्यांचा, ट्यूबचा निघाला तर आपला. आणि दोष कशाचा हे ठरवणारेही तेच. मी पैसे भरले. नवी जोडी बसली, बायस (वाजवत नसताना ट्यूबमधून वाहणारा प्रवाह) सेट झाला, ॲम्प घरी आला आणि पुन्हा तेच सुरू झालं. एक शहाणपण मात्र तेव्हा सुचलं: काढलेल्या जुन्या ट्यूब मी परत मागून घेतल्या. बदललेला पार्ट नेहमी मागावा. पैसे देऊन बदलला असेल तर हमखास मागावा.

त्यानंतर सुरू झालं ते खरं दुखणं. ॲम्प जमा करायचा, वाट बघायची, फोन येणार, "चेक केलाय, ओके आहे, घेऊन जा." न्यायचा, वाजवायचा, पुन्हा बसणार. पुन्हा जमा. काउंटरवरचा मुलगा वागायला चांगला, पण प्रत्येक वेळी त्याचे प्रश्न तेच: केबल बदलून बघितली का, गिटारचा जॅक ढिला नाही ना, पेडल काढून वाजवलं का. सगळं केलं होतं. दुसरी गिटार, दुसरी केबल, थेट ॲम्पमध्ये. लूपच्या, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ट्यूबच्या मधे पेडल जोडायच्या जागेच्या, सेंड (बाहेर जाणारा) आणि रिटर्न (परत येणारा) जॅकमध्ये छोटी केबल जोडूनही बघितलं होतं, कारण लूपच्या जॅकमधले संपर्क काळवंडले तरी आवाज असाच गळतो आणि त्या केबलने तो लगेच सुधारतो. माझा सुधारला नाही. हे सगळं मी सांगायचे, तो मान डोलवायचा आणि कॉम्प्युटरवर काहीतरी निवडायचा.

काय निवडायचा ते मी एकदा काउंटरवर वाकून बघितलं. तक्रारीसाठी तयार यादी होती: आवाज येत नाही, आवाज कमी येतो, खरखर, इतर. तो "आवाज येत नाही" निवडत होता. आत बसलेल्या टेक्निशियनपर्यंत माझ्या तक्रारीतलं तेवढंच पोचत होतं. तो ॲम्प सुरू करणार, आवाज येणार, मग तो बिचारा काय लिहिणार? समस्या आढळली नाही!

बरं, तपासायची पद्धतही अशी की बिघाड दिसूच नये. चासी पेटीतून काढून टेबलावर उलटी ठेवायची. म्हणजे ट्यूब वरच्या बाजूला, उष्णता खोलीत मोकळी निघून जाणार. स्पीकरऐवजी डमी लोड, म्हणजे आवाज न करता ॲम्पची पॉवर शोषणारा रेझिस्टर, जोडायचा. तो जोडावा तर लागतोच, कारण लोडशिवाय ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पण डमी लोड हलत नाही, थरथरत नाही. पेटीत ट्यूबची धग सरळ वर सॉकेटमध्ये आणि बोर्डमध्ये शिरते, खालून स्पीकर सगळं हादरवत असतो. टेबलावर ना ती धग, ना ते हादरे. वर चाचणी दहा-पंधरा मिनिटांची. ताप उतरल्यावर रुग्णाला थर्मामीटर लावण्यासारखं आहे हे.

मी हे काउंटरवर बोलून दाखवलं, जरा चढ्या आवाजातच. उत्तर मिळालं, "मॅडम, कंपनीची प्रोसिजर आहे."

मग मी पुरावा गोळा करायला बसले. रेकॉर्डिंगच्या दोन वेगळ्या लाइन केल्या: एक ॲम्पच्या सेंडमधून सरळ, दुसरी स्पीकरसमोरच्या माइकवरून. आवाज बसला तेव्हा माइकची लाइन खाली गेली, सेंडची जागची हलली नाही. याचा अर्थ गिटार, केबल, प्रीॲम्प सगळे निर्दोष, भानगड त्यापुढे. काउंटरवरच्या निम्म्या प्रश्नांना हे एकच रेकॉर्डिंग पुरतं. ज्यांच्या ॲम्पला लूप आहे त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं, माझ्यासारखं वैतागून झाल्यावर नाही.

त्याच रात्री दिवे बंद करून मागच्या जाळीतून बघत बसले. दोन्ही ईएल३४ तळाशी नारिंगी पेटलेल्या; तो उजेड हीटरचा, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचा. आवाज बसायला लागला आणि उजवीकडची मंद होत गेली. शेगडीतला निखारा विझावा तशी, हळूहळू लाल आणि मग काळी. डावी तशीच पेटलेली. थोड्या वेळाने उजवी पुन्हा लाल, मग नारिंगी, आणि आवाज भरून आला. मी खुर्चीतून उडालेच! फोनवर व्हिडिओ घेतला. दुसऱ्या दिवशी ॲम्प थंड असताना, प्लग काढून, दोन्ही ट्यूबची आपसात अदलाबदल केली. विझली ती पुन्हा उजवीकडचीच. म्हणजे ट्यूब नव्हे, सॉकेट. आणि ट्यूबचे पैसे मी भरलेले!

(अदलाबदल करण्याआधी मॅन्युअलमध्ये ट्यूब स्वतः काढायला परवानगी आहे का ते बघा. चासी मात्र उघडू नका. वॉरंटी जाते हे एक. दुसरं म्हणजे आतल्या फिल्टर कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही चारशे-साडेचारशे व्होल्ट टिकून राहू शकतात.)

यावेळी काउंटरवर मी यादीतलं काही निवडू दिलं नाही. "इतर" घ्यायला लावलं आणि वाक्य मीच सांगितलं: "पेटीत बसवलेला असताना, मोठ्या आवाजात पाऊण तास वाजवल्यावर उजव्या पॉवर ट्यूबचा हीटर विझतो; ट्यूब बदलूनही त्याच सॉकेटवर विझतो." तो म्हणाला, रकान्यात एवढं बसत नाही. मग जेवढं बसलं तेवढं टाइप करून घेतलं, आणि पूर्ण मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ॲम्पच्या पाठीवर चिकटपट्टीने चिकटवला. व्हिडिओ ईमेलने पाठवला आणि त्या ईमेलची तारीख जॉबकार्डवर हाताने लिहून घेतली. रांगेतले लोक बघत होते, बघू देत. जॉबकार्डवर सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा, एवढं एक केलं तरी पुरे.

दोन दिवसांनी पहिल्यांदाच काउंटरवरून नव्हे, थेट टेक्निशियनचा फोन आला. कागद वाचून त्याने ॲम्प पेटीतच ठेवून वाजवत ठेवला होता. "दिसलं मला," म्हणाला. सॉकेट थेट बोर्डवर सोल्डर केलेलं आहे, आणि हीटरच्या पिनभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर गेलेली. ड्राय सोल्डर. एका ईएल३४चा हीटर ६.३ व्होल्टवर दीड ॲम्पिअर ओढतो, म्हणजे त्या पिनवर भार मोठा. रोज तापून-निवून आणि हादरून सांधा सुटत जातो. तापला की चीर फाकते, ट्यूब विझते. विझली की निवतो, चीर मिटते, ट्यूब पुन्हा पेटते. बिघाड स्वतःच स्वतःला लपवत होता. लाकडी काडीने हलकं टोचल्यावर हीटर लुकलुकताना त्याने मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

सॉकेट बदललं, शेजारच्याचेही सांधे त्याने ताजे करून दिले. तेव्हापासून ॲम्प बसलेला नाही.

राहिलेलं, आठवेल तसं. मूळ खोका आणि थर्माकोल टाकू नका. ॲम्प कुरियरने पाठवायची वेळ आली तर दुसरं काही तेवढं नीट बसत नाही. फूटस्विच आणि कव्हर जमा करू नका, परत येताना तेच गायब असतात. सिरियल नंबरचा फोटो फोनमध्ये असू द्या. ॲम्प सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहिला ते दिवस वॉरंटीत वाढवून द्या असं लेखी मागा. मला ते मागितल्यावरच मिळाले, आपणहून कुणी देऊ केले नव्हते. आणि जुनी तक्रार "क्लोज" करू देऊ नका. ती बंद झाली की पुढच्या खेपेला तुम्ही पहिल्यांदाच आलेले गिऱ्हाईक असता.

विनाकारण बदललेल्या ट्यूबचं बिल परत मागितलं आहे. "वरिष्ठांकडे पाठवलं आहे" असं उत्तर आलंय. जुनी जोडी मी लावून बघितली, उत्तम वाजते. तीच आता स्पेअर म्हणून ठेवली आहे.