तुम्ही विचारलंत म्हणून: दोन वर्षांचा डेटा का फेकला?

अँटीबॉडीच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूच्या) बाटलीवर कॅलरेटिनिन, म्हणजे चेतापेशींतल्या एका प्रथिनाचं नाव, लिहिलेलं होतं, ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायच्या चाचणीत) त्याचा बँड आला होता, मग दोन वर्षांचं काम का फेकलंस? ज्युनिअर विचारतात, व्हायव्हात विचारलं, दादा तर दर दिवाळीला विचारतो. आज एकदाचं पूर्ण सांगते.

अपस्मार (फिट्स) झालेल्या उंदरांच्या डेन्टेट गायरसमध्ये (मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या एका भागात) कॅलरेटिनिन घटतं, असं माझ्या स्लाइड दाखवत होत्या. अँटीबॉडीने रंगवल्यावर तिथल्या ग्रॅन्यूल पेशींचा (छोट्या चेतापेशींचा) पट्टा निरोगी उंदरात गडद तपकिरी, आजारी उंदरात फिकट. प्रौढ उंदराच्या त्या पेशींत हे प्रथिन जवळजवळ नसतंच, हे मी वाचलेलं होतं. तरी नवीन काहीतरी सापडलंय असं धरून बसले.

तपासण्या केल्याच नव्हत्या, असं मात्र कोणी म्हणू नका. अँटीबॉडीत आधीच शुद्ध कॅलरेटिनिन मिसळलं की स्लाइडवरचा डाग जायचा. पण दोन प्रथिनं धरणारी अँटीबॉडी त्यातल्या एकानेही अडते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. कॅलबिंडिन हे कॅलरेटिनिनचं भावंड प्रथिन. ते २८ किलोडाल्टन वजनाचं, कॅलरेटिनिन ३१ च्या आसपास, निम्म्याहून जास्त अमिनो आम्लं सारखी. माझ्या जेलवर दोघांचा मिळून एकच जाड बँड दिसायचा.

मग कॅलरेटिनिनचं जनुक काढलेल्या (नॉकआउट) उंदराच्या मेंदूचे छेद, म्हणजे पातळ काप, मिळाले. सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) छेदावर तीच अँटीबॉडी लावली, मग डीएबी (अँटीबॉडी चिकटली तिथे तपकिरी रंग आणणारं रसायन) घातलं आणि मायक्रोस्कोपखाली बघत राहिले. छेद कोरा राहायला हवा होता. चौथ्या मिनिटाला पर्किन्जे पेशींची रांग उमटायला लागली. मोठ्या, गोलसर, एकीशेजारी एक, वरच्या फांद्यांसकट. निरोगी उंदरातही या पेशींत कॅलरेटिनिन नसतं, कॅलबिंडिन मात्र ठासून भरलेलं असतं. स्लाइड काढून लेबल वाचलं. पुन्हा लावली, पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी नव्याने सगळं केलं. तीच रांग. त्या संध्याकाळी मी कोणाशी बोलले नाही.

माझ्या स्लाइडवरची घट खरी होती. अपस्मारात ग्रॅन्यूल पेशींतलं कॅलबिंडिन घटतं, ते इतरांनी कधीच दाखवलंय. मी त्यालाच दुसऱ्या नावाने मोजत होते.

आता नॉकआउट ऊतकावर तपासल्याशिवाय मी बाटली वापरत नाही. पण त्यानेही समाधान होत नाही. कॅल्शियम जोडलं गेलं की या प्रथिनांचा आकार बदलतो, आणि काही अँटीबॉडी तेवढ्यानेच कमी-जास्त धरतात. फिटच्या झटक्यात पेशीतलं कॅल्शियमच तर चढतं. मग फिकट डाग म्हणजे प्रथिन घटलं, की फक्त त्याचं रूप बदललं? नवा क्लोन (आता वापरते ती अँटीबॉडी) नॉकआउटमध्ये स्वच्छ आहे, तरी हा प्रश्न जात नाही.

आणि हो, फेकलं असं सगळ्यांना सांगते खरी. स्लाइडचे अकरा खोके अजून माझ्या कपाटात आहेत.