धुराड्यात पाइप कशाला?

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या जुन्या घराला विटांचं धुराडं आहे, आतून मातीच्या चौकोनी टाइल्स लावलेलं. त्यात आम्ही स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे धूर वाहून नेणारा आतला पाइप सोडला, तेव्हा आईने फोनवर विचारलं, "एवढं ऐसपैस धुराडं असताना त्यात आणखी पाइप कशाला गं?"

ते ऐसपैस आहे म्हणूनच. आमच्या लाकडाच्या स्टोव्हचं धूर जायचं तोंड 6 इंची, म्हणजे साधारण 28 चौरस इंच. टाइल्सची पोकळी जवळजवळ 10 बाय 10. तिपटीहून मोठ्या, गारढोण जागेत धूर रेंगाळतो आणि निवतो. 250 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला की त्यातली वाफ नि डांबरी अंश भिंतीला चिकटतात. हेच क्रिओसोट. ते पेटलं तर धुराड्यातली आग 2000 अंशांपर्यंत जाते, टाइल्स तडकतात आणि आच थेट घराच्या लाकडी वाशांपर्यंत पोचू शकते.

लायनर आम्ही 316टीआय या प्रतीचा घेतला. त्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे आम्लाने होणाऱ्या गंजापुढे तो 304 या दुसऱ्या प्रतीपेक्षा चांगला टिकतो. पण माझा सगळा जोर आहे तो त्यावरच्या गुंडाळीवर. अर्धा इंच जाडीची सिरॅमिक तंतूंची रजई, बाहेरून फॉइल, त्यावर स्टीलची जाळी. एक विक्रेता म्हणाला, हिच्याशिवायही चालतं. मला हे अजिबात पटत नाही. धूर वरच्या टोकापर्यंत गरम राहावा यासाठीच तर हा खटाटोप, आणि आग लागलीच तर विटा नि पाइप यांच्यामध्ये तेवढाच आडोसा!

रजई आम्ही अंगणात पाइप सरळ पसरून गुंडाळली. लवचीक लायनरवर धुराची दिशा दाखवणारा बाण असतो, तो वरच्या बाजूला ठेवायचा. खालच्या टोकाला शंकू अडकवून त्याला दोर बांधला. नवरा छपरावरून पाइप सोडत होता, मी खाली शेकोटीच्या कोनाड्यात दोर धरून. "ओढू नकोस गं, नुसता ताण ठेव!" तो वरून ओरडत होता, आणि ते बरोबरच होतं, हिसका दिला की टाइलच्या कडेवर जाळी अडकते आणि रजई फाटते. खाली टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, जोडली, वर प्लेट सिलिकॉनने चिकटवून क्लॅम्प आवळला, त्यावर टोपी. शेवटी गावच्या इन्स्पेक्टरकडून तपासून घेतलं.

सफाई मीच करते, हिवाळा संपल्यावर एकदा आणि मधे गरज वाटली तर पुन्हा. ब्रश पॉलिप्रॉपिलीनचा, 6 इंची. तारेचा ब्रश नको, त्याने स्टीलवर चरे पडतात. आधी स्टोव्हच्या आतला बॅफल, म्हणजे आगीवरचा आडवा पत्रा काढायचा, नाहीतर वरून पडलेली काजळी त्याच्यावर साठून वाटच बंद होते. मग टीचं खालचं झाकण काढून पिशवी बांधायची आणि दांड्या एकेक जोडत ब्रश वर चढवायचा. टोपीला जाळी असेल तर तीही बघायची. सगळ्यात आधी तीच तुंबते, कारण धूर तिथेच सगळ्यात थंड असतो.

पिशवीत काय पडतं ते नीट बघते. कोरडी, तपकिरी, बोटांत चुरडणारी भुकटी असेल तर ठीक. काळी, काचेसारखी चमकणारी खपली निघाली तर ब्रशने भागत नाही, तिथे व्यावसायिक माणूसच बोलवावा. अशी खपली बहुतेकदा ओल्या लाकडाने आणि हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवलेल्या आगीने होते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. ओलावा मोजणारा मीटर टोचायचा तो ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला; बाहेरून वाळलेला रेड ओक आत ओलाच असतो, त्याला फोडून रचल्यावरही दोनेक वर्षं लागतात. मेपल आणि अ‍ॅश त्यामानाने लवकर तयार होतात, म्हणून ओकची रास आम्ही वेगळीच लावतो.