क्लच वायरमधून तेल गळत नसतं

पावसाळा संपत आला की "क्लच वायरमधून तेल गळतंय" ही तक्रार हमखास कानावर येते. क्लच वायर म्हणजे मोटरसायकलच्या हँडलवरची क्लच लिव्हर दाबली की इंजिनवरची क्लचची दांडी ओढणारी तार. इंजिनच्या उजव्या कव्हरवर, वायर जिथे या दांडीला अडकते तिथे काळपट ओल दिसते, त्यावर धूळ चिकटून थर बसलेला असतो, आणि माणूस वायर बदलून मोकळा होतो. पंधरा दिवसांनी ओल पुन्हा तिथेच.

साध्या क्लच वायरमध्ये गळण्यासारखं काही नसतंच. आत बारीक धाग्यांची पिळलेली पोलादी तार, तिच्या दोन टोकांना निपल, म्हणजे अडकवायच्या धातूच्या गाठी, भोवती स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं पोलादी कव्हर, त्यावर प्लॅस्टिक. बस. मग तेल येतं कुठून? जागा दोनच. एक, वरच्या टोकातून आपणच कधीतरी सोडलेलं तेल खालच्या तोंडाशी थेंबथेंब येतं. ते पातळ असतं आणि दोन-चार दिवसांत थांबतं. दुसरी जागा म्हणजे दांडीचा शाफ्ट इंजिनच्या कव्हरमधून जिथे बाहेर येतो तिथलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी. गाडी जुनी झाली की सीलचं रबर उष्णतेनं कडक होतं, शाफ्टला टेकणारी त्याची कड, म्हणजे ओठ, झिजतो आणि इंजिन ऑइल झिरपू लागतं. हे मात्र आपोआप थांबत नाही.

खात्री करणं सोपं आहे. इंजिन थंड असताना ती जागा रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसा, कोरडी करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. ओली रेघ शाफ्टच्या मुळापासून निघाली असेल तर दोष सीलचा. वायरला हात लावू नका. सील फार महाग नसतं. काही गाड्यांत ते बाहेरूनच उकरून काढता येतं, काहींत उजवं कव्हर उघडावं लागतं आणि मग कव्हरखालचं नवं गॅस्केट (सांधा बंद करणारा पातळ पत्रा) आलंच. बाहेरून निघत असेल तर गाडी साइड स्टँडवर ठेवा. ती डावीकडे कलते, त्यामुळे उजवीकडचं तेल आत सरकतं आणि सांडत नाही. नवं सील बसवताना ओठाला तेलाचं बोट लावायचं, नाहीतर पहिल्या हिसक्यातच तो दुमडतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत एकूण तेलच एक लिटरच्या आसपास असतं, त्यामुळे "थोडंसंच झिरपतंय" म्हणून महिनोन् महिने चालवू नये. (तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचची गोष्ट निराळी. तिथे खरंच द्रव असतो, आणि ओल दिसली तर गाडी बाहेर काढायची नाही.)

आता खऱ्या झिजेकडे. क्लच वायर बहुतेक वेळा लिव्हरजवळ तुटते, खाली नाही. वरचं निपल लिव्हरच्या भोकात फिरायला हवं. तिथलं ग्रीस सुकलं की ते अडकतं, आणि प्रत्येक दाबाला तार निपलच्या मुळाशी वाकते. नाशिकच्या द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या कोंडीत हा दाब किती वेळा पडतो ते मोजूनच पाहा. एकेक धागा तुटत जातो. "वायर ताणली" असं आपण म्हणतो ती बहुधा हीच गोष्ट असते. वायरचा ताण जुळवायचा ॲडजस्टर दर आठवड्याला फिरवावा लागत असेल तर वायर लांबत नाहीये, आतून उसवतेय. लिव्हरवरचं रबर मागे सारून टॉर्चनं बघा. एकही धागा बाहेर आलेला दिसला तर वायर बदलायची. तो कापून टाकून गाडी चालवणं म्हणजे घाटात अडकायची तयारी.

क्लच जड लागत असेल तर आधी वायर खालून सोडवा आणि नुसती लिव्हर दाबा. तरीही अडखळत असेल तर वायर गंजली आहे किंवा कुठेतरी मुरडली आहे. वायर मोकळी पण दांडी हाताला जड, तर दुखणं इंजिनच्या बाजूचं. त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस आणि सिंहस्थाच्या कामांनी उडवलेली धूळ, दोन्ही वरच्या तोंडातून आत जातात. वॉशिंगवाल्याचा प्रेशर पाइप त्याहून वाईट. पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते.

नवी वायर गाडीच्या मॉडेलचीच घ्या. दोन-चार सेंटिमीटरचा फरकही चालत नाही. बसवण्याआधी ती खिळ्याला उभी टांगा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वरच्या टोकाला इन्सुलेशन टेपनं नरसाळ्यासारखा बांधा आणि त्यात 10-15 मिली शिलाई मशीनचं तेल ओता. तार वरखाली करत राहा आणि खालून थेंब येईपर्यंत, गरज पडली तर रात्रभर, टांगून ठेवा. घट्ट ग्रीस आत भरू नका, धूळ मिसळली की त्याचा चिखल होतो. वायरला आतून टेफ्लॉनचं, म्हणजे निसरड्या प्लॅस्टिकचं, अस्तर असेल तर तेलही नको. ग्रीस फक्त दोन्ही निपलना आणि लिव्हरच्या बोल्टला.

जुनी वायर काढताना तिच्या खालच्या टोकाला सुतळी बांधा आणि वायर वरून ओढा. टाकीखालून जाणारा मार्ग सुतळीच्या रूपानं राहतो, नवी वायर त्याच वाटेनं खाली येते. लिव्हरकडचा ॲडजस्टर पूर्ण आत घ्या, ॲडजस्टर, नट आणि ब्रॅकेट यांच्या खाचा एका रेषेत आणा; तार तिथून सुटते. नवी बसवताना वरचा ॲडजस्टर दोन-तीन आटेच बाहेर ठेवायचा आणि मुख्य ढील (तार ताणली जाण्याआधी लिव्हर जेवढी मोकळी हलते ती) खालच्या नटांवर जुळवायची, म्हणजे पुढे रस्त्यात वरून फिरवायला जागा उरते. लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिमी ढील पुरते. मुळाशी 2-3 मिमी, साधारण दोन नाणी एकावर एक ठेवली की तेवढीच. शेवटी खाचा एकमेकींपासून फिरवून ठेवा, नाहीतर पाणी सरळ आत.

मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ढील तपासा. एका बाजूला ती नाहीशी होत असेल तर वायर चुकीच्या मार्गानं गेली आहे. ढील कमी पडली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो: कसारा घाट चढताना इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही, प्लेटा जळल्याचा वास येतो. जास्त झाली की सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर टाकताच गाडी पुढे ओढते. 200-300 किलोमीटरनंतर नवी वायर स्थिरावते, तेव्हा एकदा पुन्हा जुळवा.

वणीला किंवा घाटात नेहमी जाणाऱ्यांनी दुसरी तेल दिलेली वायर जुनीच्या शेजारून केबल टायनं बांधून ठेवावी, दोन्ही टोकं टेपनं बंद करून. जुनी तुटली की फक्त नवीची टोकं जोडायची, 10, 12 आणि 14 नंबरचे पाने आणि एक पक्कड पुरते.