बंटचा डबा

डिसेंबर निम्मा सरला की आमच्या जुन्या खेळाडूंत एकच विचारणा सुरू होते, "यंदा वांगी कोण आणतंय?" वांगी म्हणजे भरताची, हिरवी, लांबट आणि शक्यतो बामणोदची. ती आली की बाकीचं सगळं आपसूक जमून येतं.

आमचं कॉलेज जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी. कॉलेजचं गॅदरिंग जानेवारीत व्हायचं. फिशपाँड, शेलापागोटे, एकांकिका, सगळं रीतसर. पण आम्हा सॉफ्टबॉल-बेसबॉलवाल्यांचं खरं गॅदरिंग त्याआधी, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, मैदानावरच असे. ते सरांनी सुरू केलं होतं. सर म्हणजे आमचे शारीरिक शिक्षणाचे सर. त्यांना नावाने हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही.

मी 1998 साली कॉलेजात आले तेव्हा मला हे खेळ माहीतच नव्हते. गावात कबड्डी आणि खो-खो, टीव्हीवर क्रिकेट. सरांनी पहिल्या दिवशी हातात ग्लोव्ह दिला आणि म्हणाले, "झेल पकडायला घाबरतेस, की हात दुखेल म्हणून घाबरतेस?" हात दुखेल म्हणून, असं मी खरं सांगितलं. "मग सोपं आहे," म्हणाले. तेव्हा आमच्याकडे धड ग्लोव्ह चारच होते. डाव बदलला की आम्ही ते मैदानातच ठेवून यायचो आणि समोरच्या संघाच्या मुली तेच घालून उभ्या राहायच्या.

त्या रविवारी सकाळी सात वाजता रक्तदान असे. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाने आधी रक्त द्यायचं. ज्यांनी दिलं त्यांना त्या दिवशी खेळायला बंदी. ते बाहेर बसून धावा लिहायचे, चहा वाटायचे, फक्कीच्या रेषा मारायचे. मग जुने विरुद्ध नवे असा सामना. दुपारी कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत पुऱ्या आणि कळण्याची भाकरी. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, स्वतः फोडणी घालायच्या आणि तेल कमी पडलं असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नसे.

जेवणानंतर सर बोलायचे. दर वर्षी तीच गोष्ट, रॉबर्टो क्लेमेंटेची. पोर्टो रिकोचा हा बेसबॉल खेळाडू अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडून 18 हंगाम खेळला. 30 सप्टेंबर 1972 ला त्याने कारकिर्दीतला 3000वा हिट मारला. हिट म्हणजे बॉल मारून बेस, म्हणजे धावेतला टप्पा, सुखरूप गाठणं. त्याच डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात जमीनदोस्त झाली. त्याने मदत गोळा केली, विमानं पाठवली. पण सामान लष्कराच्या लोकांनी मधेच लाटल्याचं कळलं, तेव्हा 31 डिसेंबरला तो स्वतः विमानात बसला. जादा वजनाने भरलेलं ते जुनं विमान सॅन हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. क्लेमेंटे सापडला नाही. वय 38. नियमित हंगामांतले हिट बरोबर 3000, त्यापुढे एकही नाही.

सर इथे थांबायचे. मग म्हणायचे, "30 सप्टेंबर लक्षात ठेवा." आणि बसायचे.

30 सप्टेंबर का, ते आम्हाला सीनियर मुलांनी सांगितलं. 1993 साली त्याच तारखेच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच गेली. सरांना नोकरीला लागून वर्षच झालं होतं. ते पहिल्या बॅचच्या अकरा मुलांना घेऊन ट्रकने निघाले. बरोबर घोंगड्या, धान्य आणि गावातल्या बायकांनी करून दिलेल्या दशम्या. आठ दिवस राहिले, दगडमातीचे ढिगारे उपसले, तंबू ठोकले. त्यांतला एक जण आता एसटीत कंडक्टर आहे. तो सांगतो, पाचव्या दिवशी सरांच्या पिशवीतून एक बॉल निघाला. त्यांनी तो तंबूंपाशी बसलेल्या एका मुलाकडे नुसता घरंगळत सोडला. मुलाने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग उचलून परत फेकला. त्या दिवसापासून सरांच्या पिशवीत एक बॉल कायम असतो. लग्नाला गेले तरी असतो.

गोष्ट झाली की बक्षीस. सबंध मेळाव्यात बक्षीस एकच, स्टीलचा मोठा डबा. तो होमरन मारणाऱ्याला मिळायचा नाही. वर्षभरात ज्याने सर्वांत जास्त सॅक्रिफाइस बंट केले त्याला. बंट म्हणजे जोरात मारायचंच नाही. बॅट आडवी धरायची आणि बॉल पायापुढे अलगद पडू द्यायचा. मारणारा पहिल्या बेसला पोचण्याआधीच आउट होतो, पण बेसवरचा सोबती एक बेस पुढे सरकतो. प्रेक्षक टाळ्या वाजवत नाहीत, वर्तमानपत्रात नाव येत नाही. सर मात्र बंट झाला की उभे राहायचे, मग सामना आंतरविद्यापीठ असो की आपसातला. दुसऱ्या वर्षी तो डबा मला मिळाला. आई अजून त्यात तुरीची डाळ ठेवते आणि पाहुण्यांना सांगते, "हा पोरीने जिंकलेला." उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात (तेव्हा त्याला बहिणाबाईंचं नाव लागायचं होतं) माझी निवड झाली, त्याचं पत्रही घरात कुठेतरी आहे. पण आई दाखवते तो डबाच.

कॉलेज सुटलं, लग्न झालं, नाशिकला आले. मेळावा मी फारसा चुकवला नाही. दर वर्षी काहीतरी नवं दिसायचं. एका वर्षी पाहिलं तर मैदानाच्या कडेला पंधरा-वीस मुली रांगेत उभ्या. आश्रमशाळेतल्या, पावरा आणि तडवी घरांतल्या. सर दर रविवारी पहाटे मोटरसायकलने डोंगराकडे जाऊन त्यांना शिकवत होते, आणि शाळेच्या शिक्षिका त्यांना सामना दाखवायला घेऊन आल्या होत्या. सॉफ्टबॉलमध्ये पिचरला हात खालून गोल फिरवून बॉल टाकावा लागतो. आम्हाला ते जमायला वर्ष लागलं होतं. या मुलींनी लहानपणापासून ज्वारीच्या शेतात गोफण फिरवून पाखरं हाकललेली. सर हसून म्हणाले, "यांना मी काय शिकवणार? नियम तेवढे सांगतो." त्यांना इतकं खुलून हसताना मी क्वचितच पाहिलं.

आणि मग सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. कॉलेजने निरोप समारंभ वेगळा केलाच होता, शाल-श्रीफळ, भाषणं. पण आमचा मेळावा सरांशिवाय कसा होणार? म्हणून आम्हीच सत्काराचं ठरवलं. त्यांचा निरोप आला, "हार-तुरे नकोत. ज्याला जमेल त्याने एक ग्लोव्ह आणावा." त्या रविवारी सतरंजीवर 23 ग्लोव्ह मांडले होते. आमचे ते चार आठवून माझा गळा दाटून आला.

रक्तदान झालं, सामना झाला, भरीत झालं. सरांनी क्लेमेंटेची गोष्ट सांगितली, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मग ते डबा द्यायला उठले, तर डबा जागेवर नव्हता. तो कंडक्टर झालेल्या दादाच्या हातात होता. त्या वर्षीच्या मानकऱ्याला, एस.वाय.च्या एका मुलाला, आम्ही आधीच विचारलं होतं. तोच म्हणाला होता, "सरांनाच द्या ना."

दादा पुढे आला. भाषण लिहून आणलं होतं, वाचता आलं नाही. "सर, तुम्ही आउट होत राहिलात," एवढंच म्हणाला आणि डबा पुढे केला. मैदानात जेवढे होतो तेवढे सगळे उभे राहिलो. सरांनी डबा घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला. काही बोलले नाहीत. आश्रमशाळेच्या मुलींना काय चाललंय ते नीट कळलं नसावं, पण टाळ्या त्यांनीच सगळ्यांत जोरात वाजवल्या.

काकूंनी थोड्या वेळाने त्यांच्या हातातून डबा काढून घेतला, पदराने आतून पुसला आणि उरलेलं भरीत त्यात काठोकाठ भरलं. वर पुऱ्या रचल्या. "पोरींची गाडी सुटेल," म्हणाल्या आणि डबा आश्रमशाळेच्या बाईंच्या हातात दिला. "रात्री वसतिगृहात गरम करून द्या. डबा रविवारी हे घेऊन येतील परत."